पूजेला बसलेलं लोखंड

धुळाप्पांच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला वाटायचं, या घरात कुणाच्या तरी अंगात येत असणार. जिकडं बघावं तिकडं कुंकू. नळाला कुंकू, पंख्याच्या बटणाला कुंकू, कूलरच्या पायांना कुंकू, संडासातल्या फ्लशच्या टाकीलासुद्धा कुंकू. अंगात वगैरे कुणाच्या येत नव्हतं. धुळाप्पा घरातली एखादी वस्तू दुरुस्त करायचे, तिला कुंकू लावायचे, उदबत्ती ओवाळायचे आणि ‘सिद्धरामा, तुझे उपकार’ म्हणून हात जोडायचे. चार दिवसांनी ती वस्तू परत बिघडायची. परत दुरुस्ती, परत कुंकू. कुठली वस्तू किती वेळा बिघडली, ते त्या घरात कुंकवाच्या थरावरून ओळखावं.

माणूस दारू पिणारा नव्हता, हात उगारणारा नव्हता, कुणाचं वाईट चिंतणारा तर मुळीच नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे झालं ते ऐकून लोक भलतंच समजतात. सोलापुरातल्या एका सूतगिरणीच्या स्टोअरात त्यांची सगळी नोकरी गेली. फिटर लोक खिडकीशी यायचे, पाना, पक्कड, हातोडा मागायचे, आणि धुळाप्पा काढून द्यायचे. संध्याकाळी ते परत घ्यायचे, फडक्यानं पुसून जागच्या जागी ठेवायचे. उभ्या जन्मात त्यांनी गिरणीतला एक बोल्ट फिरवला नाही. गिरणी बंद पडली तेव्हा साहेबानं एक जुनी हत्यारपेटी त्यांच्या हातात दिली, घेऊन जा म्हणाला. धुळाप्पांनी ती डोक्यावर घेऊन घरी आणली आणि देवाच्या फळीखाली ठेवली. त्या दिवसापासून त्यांच्या घरात दुसऱ्या कारागिराचं पाऊल पडलं नाही. सुतार नाही, प्लंबर नाही, वायरमन नाही. देवानं पेटी दिलीय, म्हणजे दुरुस्तीही आपल्याकडूनच करून घ्यायची त्याची इच्छा आहे, असं ते म्हणायचे.

त्यांची बायको महानंदा इतकी वर्षं शिडी धरत आली, बॅटरी धरत आली, खाली पडलेला स्क्रू कानाकोपऱ्यातून शोधून देत आली. उपकार देवाचे, हात धुळाप्पांचे आणि ‘नीट धर की, डोळे कुटं हायत तुजे’ हे महानंदाच्या वाट्याला. तिला त्याचं फारसं काही वाटत नसे. धरून धरून तिला कुठला स्क्रू कुठं फिरतो ते त्यांच्याहून बरं समजायला लागलं होतं, पण तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. नवरा स्टुलावर असताना बायकोनं शहाणपण शिकवू नये, एवढं तिला कळत होतं.

त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर त्यांनी न्हाणीच्या दाराला नवी कडी बसवली. नवी म्हणजे गिरणीतल्या कुठल्यातरी कपाटाचं जुनं कुलूप, आतून मूठ फिरवून लागणारं. दाराला खालून पत्रा ठोकला, बिजागऱ्यांचे स्क्रू घट्ट केले आणि गंजू नयेत म्हणून वरून ऑइलपेंटचा जाड हात मारला. उदबत्ती लावली. महानंदाने पहिल्याच दिवशी मूठ फिरवून बघितली. मूठ सैल होती, आत काहीतरी खुळखुळत होतं. ती म्हणाली, “अवो, ह्ये आतनं हलतंय.”

“नवं हाय म्हणून हलतंय. बसंल आपोआप,” धुळाप्पा म्हणाले.

खंडेनवमीला पहाटे दोघांनी मिळून हत्यारं मांडली. पाटावर धुतलेलं फडकं अंथरून त्यावर पक्कड, पाने, हातोडा, करवत, दोन स्क्रूड्रायव्हर, टेस्टर. शेजारी स्वयंपाकघरातली विळी, सुरी, अडकित्ता. घरातलं धारेचं आणि टोकाचं सगळं लोखंड. महानंदानं एकेकाला हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. एकदा पूजेला बसलं की दसऱ्याच्या सकाळची पूजा होईपर्यंत ते लोखंड हलवायचं नाही, ही रीत सगळीकडंच आहे. पण माणसं तिला अडीअडचणीला थोडी वाकवतात. भाजी चिरायला शेजारून सुरी आणतात, रिक्षावाला फूल बाजूला करून रिक्षा काढतो. धुळाप्पांच्या घरात ती रीत वाकत नव्हती. नवमीच्या दिवशी तिथं हाताने मोडलेल्या भाजीचीच आमटी व्हायची.

पूजा आणि पुरणाचा स्वयंपाक आटोपून घामाघूम झालेली महानंदा पुन्हा अंगावर पाणी घ्यायला न्हाणीत गेली. अंघोळ झाली, लुगडं नेसून झालं आणि तिनं मूठ फिरवली तशी मूठ हातात आली. आत काहीतरी टपकन पडलं. तिनं दार ओढलं, ढकललं. दार तसूभर हललं नाही. बाहेरून धुळाप्पांनी जोर लावला, तरी नाही.

पहिल्यांदा तिला हसू आलं. खरंच आलं. तोंडात पदर धरून ती हसली.

“अवो, तुमचं कुलूप बसलं बगा आपोआप.”

धुळाप्पांनी दाराच्या फटीतून आत बघितलं. मग म्हणाले, “बिजागऱ्या आतल्या बाजूला हायत. स्क्रू काडले की दार निघतंय. पण आज...”

पुढचं त्यांना बोलावं लागलं नाही. जाळीच्या खिडकीची एक पट्टी मोडलेली होती, तिच्यातून त्यांनी चहा दिला, गरम पुरणपोळी दिली. म्हणाले, “देवाची किती कृपा बग, न्हाणीतच आडाकलीस. पाणी हाय, सगळी सोय हाय. माळ्यावर आडाकली आस्तीस तर?” महानंदाने बादली पालथी घातली, तिच्यावर बसून चहा प्यायली आणि तिलाही ते पटलं. एक रात्र काढायची, त्यात काय एवढं? उलट तिच्या मनात कुठंतरी बरंच वाटलं. आपण देवासाठी एवढं केलं, हे देवाच्या नजरेत येईल, असं तिला वाटलं. माणूस असला काहीतरी हिशेब मनात मांडतो आणि देव त्याच वेळी दुसरीकडं बघत असतो.

न्हाणीची खिडकी शेजारच्या बोळात उघडायची. शेजारी नागनाथ आणि मीनाबाई राहायचे. त्यांच्या घरी खंडेनवमी नव्हती, ते बौद्ध. दरवर्षी दसऱ्याला ते सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, आणि आज दुपारची गाडी होती. बोळातून जाताना मीनाबाईला खिडकीत महानंदाचं तोंड दिसलं.

“अगं बया! वैनी, काय झालं?”

महानंदानं सांगितलं. मीनाबाई ऐकत ऐकत मागं वळलीही. घरात जाऊन स्क्रूड्रायव्हर घेऊन आली आणि जाळीतून आत धरला.

“ह्यो घ्या. आमचा हाय, आमच्याकडं कसली पूजा न्हाय. बिजागरीचं स्क्रू काडा आन या भाईर. दोन मिनिटांचं काम.”

महानंदानं हात पुढं केला होता. स्क्रूड्रायव्हरची पिवळी मूठ तिच्या बोटांना लागली होती. तेवढ्यात बाहेरून धुळाप्पांचा आवाज आला, “मीनाताई, राहू द्या. लोखंड ते लोखंड, कुणाचंबी असंना. आज ह्या घरात चालणार न्हाय.”

मीनाबाईनं महानंदाकडं बघितलं. “वैनी, तुमी सांगा. तुमी म्हणाल तसं.”

तेव्हा महानंदा म्हणाली, “राहू दे गं. एका रात्रीचा तर प्रश्न हाय. सकाळी निघंन मी. तुझी गाडी चुकंल, जा तू.”

मीनाबाई दोनदा मागं वळून बघत गेली. थोड्या वेळानं त्यांच्या दाराला कुलूप लागल्याचा आवाज आला, मग रिक्षा गेल्याचा. दुसऱ्या बाजूला यंत्रमागाचा कारखाना होता, तोही पूजेमुळं बंद. चौकातल्या देवी मंडळाचा स्पीकर सुरू झाला आणि बोळ भरून गेला.

फोन त्यानंतर वाजला.

मोबाइल स्वयंपाकघरातल्या फळीवर असायचा. स्पीकरच्या आवाजातून महानंदाला धुळाप्पांचे तुकडे तुकडे ऐकू आले. “कवापासनं?... डॉक्टर काय म्हणला?... व्हय... व्हय... बगतो.” मग ते दाराशी आले.

“वळसंगचा फोन होता. मल्लिनाथाचा. ताईला जास्त झालंय. तुजं नाव घेतीया म्हणं.”

ताई म्हणजे महानंदाची थोरली बहीण बजाबाई, आणि मल्लिनाथ तिचा मुलगा. महानंदाची आई ती रांगत असताना गेली. तिला न्हाऊमाखू घातलं बजाबाईनं, शाळेत घातलं बजाबाईनं, लग्नात तिच्या मागं उभी राहून रडली तीही बजाबाईच. वळसंग काही लांब नाही. अक्कलकोट रोडची गाडी धरली की पोचायला तासही लागत नाही.

“मग द्या की,” महानंदा म्हणाली. “स्क्रूड्रायव्हर द्या आत. म्या काडते दार.”

धुळाप्पांची पावलं देवाच्या फळीपर्यंत गेली आणि परत आली.

“अवो, ऐकलं का? ताई हाक मारतीया मला.”

“उद्या सकाळी पयल्या गाडीनं जाऊ.”

“उद्यापतोर थांबंल का ती?”

“सिद्धराम थांबवील. म्या बसतो नामस्मरणाला.”

महानंदानं खिडकीला तोंड लावून मीनाबाईला हाक मारली, एकदा, दोनदा, मग कितीतरी वेळा. तिला ठाऊक होतं की तिथं कुलूप आहे. तरी मारली. स्पीकरवर कुणीतरी देवीचा उदो उदो करत होतं. मग तिनं तांब्याच्या काठानं स्क्रू फिरवून बघितला. ऑइलपेंटचा थर इतका जाड होता की खाच सापडेना. केसातली पिन वाकली. नखं तुटली.

“पूजेतलं लोखंड नगं तर वरवंटा घ्या,” ती ओरडली. “दगुड हाय त्यो, पूजेत न्हाय. घाला दारावर.”

“नवमीला घराचं दार फोडायचं?”

“मग उचला की स्क्रूड्रायव्हर! म्या सांगते, उचला! जे पाप लागायचं ते मला लागू द्या!”

तेव्हा धुळाप्पा दाराच्या फटीशी तोंड आणून, आवाज अजिबात न चढवता म्हणाले, “तूच म्हणाली हुतीस, महानंदा.”



ते वाक्य पस्तीस वर्षांपूर्वीचं होतं. लग्नानंतर चौथ्या वर्षी त्यांना मुलगा झाला होता. तो आठ महिन्यांचा असताना खंडेनवमीच्या दिवशी अंगणातला नळ निखळला. पाणी त्या दिवशी आलं होतं आणि पुन्हा कधी येईल याचा भरवसा नव्हता. महानंदाच म्हणाली होती, उचला पाना, देव काय एवढा रागीट नाही. धुळाप्पांनी पूजेतला पाना उचलला, नळ बसवला, परत ठेवला, कान धरले. दसऱ्यानंतर पोराला ताप आला. तो डोक्यात गेला आणि पोर गेलं. माती देऊन आल्यावर महानंदा नवऱ्याच्या अंगावर धावून गेली होती. “तुमी पूजेतलं लोखंड उचललं म्हणून माजं पोर गेलं,” असं सगळ्या पाहुण्यांसमोर ती म्हणाली होती. धुळाप्पांनी उलट शब्द काढला नाही. ‘तूच उचलायला लावलंस’ असंही ते म्हणाले नाहीत. पुढं मूल झालं नाही.

तेव्हा महिनाभर बजाबाई तिच्याजवळ राहिली होती. निघताना तिनं महानंदाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “महानंदे, लोखंडानं पोर मरत न्हाय. त्यो शबुद मागं घे. बापय गडी हाय, बोलणार न्हाय, पण आतनं कुजंल.” त्यानंतरही भेट झाली की ती विचारायची, घेतलास का मागं? महानंदा म्हणायची, घेईन की. रागात म्हणाली होती, राग कधीच संपला होता. पण असला शब्द मागं घ्यायचा म्हणजे पोराचं नाव परत तोंडात आणायचं, आणि ते तिच्यानं झालं नाही. नवरा नळाला कुंकू का लावत सुटलाय, पंख्यापुढं हात का जोडतोय, हे तिला सगळ्यात आधी कळलं होतं. कळूनही ती शिडी धरत राहिली.

तिनं पुन्हा स्क्रूड्रायव्हर मागितला नाही. कुठल्या तोंडानं मागणार?

दिवे लागायच्या वेळी फोन परत वाजला. धुळाप्पा या वेळी फोन घेऊन अंगणात गेले. परत आले ते ताट घेऊन. जाळीतून त्यांनी पुरणपोळीचा तुकडा पुढं केला, वर तूप सोडलेला.

“कुणाचा फोन?” महानंदानं विचारलं.

“मल्लिनाथाचा. ताईला जरा बरं हाय. झोपलीया. तू खाऊन घे.”

महानंदाच्या जिवात जीव आला. तिनं भिंतीला डोकं टेकून सिद्धरामाचे उपकार मानले, मोठ्यानं मानले. मग ती पोळी खाल्ली. भूक लागली होती, आणखी एक मागून घेतली. जाळीतून आत ओढलेली चादर अंगावर घेऊन ती बादलीवर बसून राहिली. बाहेर धुळाप्पा खुर्ची टाकून नाम घेत होते. पहाटेपर्यंत त्यांचा आवाज थांबला नाही, हे मात्र खरं.

सकाळी पूजा झाली. घंटा वाजली. धुळाप्पांनी हळदकुंकवाचा स्क्रूड्रायव्हर पाटावरून उचलून कपाळाला लावला आणि जाळीतून आत दिला. महानंदानं त्याच्या टोकानं पेंट खरवडला, खाच मोकळी केली, आणि वरून खाली एकेक स्क्रू काढत गेली. इतकी वर्षं बॅटरी धरून बघितलेलं काम होतं. स्टोव्हवरच्या चहाला उकळी फुटली तेव्हा दार भिंतीला टेकून उभं होतं आणि ती बाहेर आली होती. पाण्यात राहून तिच्या तळव्यांना सुरकुत्या पडल्या होत्या.

धुळाप्पांनी हात जोडले होते. डोळ्यांत पाणी होतं. “बग, कसं निभावून नेलं देवानं,” ते म्हणाले, आणि मग त्याच दमात म्हणाले, “ताई काल गेली गं. सोडवलं देवानं तिला.”

“कवा कळलं तुमाला?”

“दिवेलागणीला.”

महानंदा न्हाणीच्या उंबऱ्यात खाली बसली. घरात तुपाचा वास अजून होता.

वळसंगला बजाबाईला लिंगायतांच्या रीतीप्रमाणे भिंतीला टेकवून बसवलं होतं, गळ्यात हार, कपाळाला भस्म. महानंदानं तिचे पाय धरले. ते लाकडासारखे झाले होते. मल्लिनाथ जवळ येऊन म्हणाला, “मावशी, काल दिसभर आई दाराकडंच बगत हुती. काका म्हणले, पूजा मोडून येता येत न्हाय.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं मान हलवली. “खरं हाय. खंडेनवमी हुती.” बाकीच्यांनीही माना हलवल्या. महानंदाला वाटलं होतं, इथं तरी कुणीतरी धुळाप्पांना दोन शिव्या घालील. कुणी घातल्या नाहीत. उलट अशा दिवशीसुद्धा नेमाचा माणूस म्हणून त्यांना लोकांनी सावलीला बसायला जागा दिली.

माती देऊन दोघं संध्याकाळी सोलापूरला परत आली. गल्लीतली माणसं बन्नीची, म्हणजे शमीची, पानं बंगार म्हणून, सोनं म्हणून देत फिरत होती, पण दुखवट्याच्या घरात कुणी शिरलं नाही. धुळाप्पांनी मात्र वाटेत घेतलेली पानं खिशातून काढली, देवापुढं ठेवली, दोन उचलून महानंदापुढं धरली.

“जे झालं ते झालं. पण पूजा मोडली न्हाय. घर सुखरूप हाय. घे, बन्नी घेऊन बंगारासारखी राहा.”

महानंदानं पानं घेतली नाहीत.

“एक सांगायचं राहिलंय,” ती म्हणाली. “पस्तीस वर्सं राहिलंय. त्यो शबुद मी मागं घेते.”

धुळाप्पांना लगेच कळलं, कुठला ते. त्यांचा हात तसाच राहिला.

“लोखंडानं पोर मरत न्हाय. ताई मला तवाच म्हणली हुती. ताप डोक्यात गेला, पोर गेलं. तुमचा काय दोष नव्हता.”

“नगं,” धुळाप्पा म्हणाले.

“पान्याचाबी दोष नव्हता.”

“महानंदा, नगं मागं घेऊ. पाया पडतो तुज्या. आता मागं घेतलास तर कालचा दिवस मी कुटं ठेवू?”

हाच शब्द तिनं एखाद्या साध्या दिवशी, दाणे निवडता निवडता दिला असता तर त्या माणसाचं म्हातारपण सुखाचं गेलं असतं. ते तिला त्याही क्षणी दिसत होतं. पोर गेलं त्या दिवशी होता तसाच त्याचा चेहरा झाला होता. तिला त्याची दया आली. खरंच आली. पण जिभेवर अजून कालच्या पुरणाची चव होती.

“काल तुमी स्क्रूड्रायव्हर उचलला असता,” ती सावकाश, एकेक शब्द नीट ऐकू जाईल असं म्हणाली, “तर कायबी झालं नसतं. मी ताईला भेटले असते. बाकी कायबी झालं नसतं.”

मग ती उठून चूल पेटवायला गेली.

दिवाळीच्या आधी न्हाणीतला नळ गळायला लागला. धुळाप्पा खुर्चीत बसून तो आवाज ऐकत राहायचे, पण उठले नाहीत. शेवटी महानंदानं मीनाबाईला सांगून प्लंबर बोलावला. पेटी आल्यापासून त्या घरात पाऊल टाकणारा तो पहिला कारागीर. त्यानं नळावरचा कुंकवाचा थर बघितला, बोटानं खरवडला. मग पिशवी चाचपून म्हणाला, “आजी, पक्कड इसरलो. घरात हाय का?”

पाटावरची हत्यारं दसऱ्यापासून कुणी उचलून ठेवलीच नव्हती, फुलं सुकून गेली होती. महानंदानं त्यातली पक्कड उचलली, पदरानं पुसली आणि धुळाप्पांच्या समोरून नेऊन त्याच्या हातात दिली.